साडेअकरानंतरचं काम

साडेअकरा झाले आणि पास्कलकाकांनी अर्धी भरलेली बुट्टी झाडाखाली ठेवून दिली. डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं आणि ते विहिरीकडं चालू लागले. त्यांच्या पुढ्यातच, हात लांबवला तर उचलता येतील एवढ्या अंतरावर, काजूची आठ-दहा पिवळी बोंडं पडलेली होती. ती त्यांनी उचलली नाहीत.

मी उचलली. एकेक बोंड पिळून बी वेगळी केली आणि त्यांची बुट्टी भरून माझ्या बुट्टीशेजारी ठेवली. मला त्यांचा राग आला होता. माणूस साठीचा असला तरी धडधाकट होता, मुंबईच्या गोदीत पस्तीस वर्षं फिटर म्हणून राबलेला. अजून दहा मिनिटं वाकला असता तर काही बिघडलं नसतं. पण साडेअकरा म्हणजे साडेअकरा. मग विहिरीवर आंघोळ, जेवण, आणि दुपारभर फणसाखाली खाट टाकून वाचन.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. त्याआधी नऊ वर्षं सोलापुरात एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत नर्स होते. आमच्याकडं ड्यूटी संपायची ती घड्याळावर नाही. बदली सिस्टर आली की संपायची, आणि बदली सिस्टर पुष्कळदा यायचीच नाही. अशाच एका लांबलेल्या ड्यूटीच्या तिसाव्या तासाला एका पेशंटला सलाईन लावताना माझा हात थरथरायला लागला आणि थांबेना. पेशंटला काही झालं नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, आणि मग दोन महिने घरात भिंतीकडं बघत बसले.

तिथल्याच एका डॉक्टरबाईंनी मला या बागेचं सांगितलं. आजऱ्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत एक वाडी होती आणि वाडीच्या वरच्या अंगाला नऊ एकरांची काजूची बाग. ठाण्याचे जयवंत आणि शुभांगी कर्णिक नोकऱ्या सोडून तिथं येऊन राहिले होते. बाहेरची माणसं त्यांच्याकडं येऊन राहायची, काम करायची. मी फोन केला तेव्हा जयवंतदादांनी सगळं नीट सांगितलं होतं. सकाळी साडेसहापासून पाच तास काम, बुधवारी सुट्टी. त्याबदल्यात राहायला खोली, नाश्ता, दोन वेळचं जेवण. वाटेल तेवढे दिवस राहा.

मी जानेवारीच्या शेवटी पोचले. तेव्हा झाडांखालची जमीन साफ करायचं काम चाललं होतं. वाडीवरच्या दोन बायका रोजानं यायच्या, सगुणाबाई आणि तिची जाऊ इंदुबाई. सगुणाबाई पंचेचाळिशीची असेल, उंच, हाडापेरानं मोठी, फारसं न बोलणारी. पहिली बोंडं गळायला लागली तेव्हा बी कशी सोडवायची ते तिनंच मला दाखवलं. बोंड डाव्या हातात, बी उजव्या हाताच्या दोन बोटांत, आणि एकच पीळ. टरफल फुटलं तर आतला चीक अंगावर उडतो आणि कातडी भाजते. मी सहज विचारलं की किती वर्षं करतेस हे काम. ती म्हणाली, ही झाडं लावली तेव्हापासून. कर्णिकांच्या आधी बाग ज्यांची होती त्यांनी खड्डे मारायला वाडीतली माणसं घेतली होती, त्यांत ती होती. वरच्या बांधालगतच्या दोन ओळी तिच्या एकटीच्या हातच्या होत्या.

पहिले पंधरा दिवस मी सांगितलं तेवढंच काम केलं आणि दुपारी झोपले. इतकी वर्षं न झोपलेली झोप होती ती. मग एके दुपारी जाग लवकर आली. शुभांगीताई एकट्याच अंगणात बिया वाळत घालत होत्या, म्हणून मी हात लावला. त्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग शनिवार-रविवारी शहरातून बाग बघायला पाहुणे यायला लागले, त्यांचा स्वयंपाक. मग बोंडांचं सरबत करून बाटल्या भरायचं काम. एका बुधवारी पाहुणे होते म्हणून सुट्टी घेतली नाही, पुढच्या बुधवारी कुणी विचारलं नाही आणि मीही आठवण केली नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी आजही सांगेन. जयवंतदादा जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचे, अनसूया आल्यापासून बागेला हात फुटलेत. ते ऐकायला मी साडेसहाची सहाला उतरायला लागले. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत माझे हात कशात ना कशात असायचे. अंग दुखायचं, पण हात थरथरायचा थांबला होता.

शिमगा झाला आणि काजूचा भर आला. त्याच सुमाराला सगुणाबाई आणि इंदुबाई दिसेनाशा झाल्या. मी विचारलं तेव्हा शुभांगीताई म्हणाल्या की सध्या आपलं आपल्याला उरकतंय, आणि त्या दोघी उसाच्या कामावर जातात. तो विषय तिथं संपला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी साबण आणायला खाली वाडीवर गेले होते. परत येताना फाट्यावर एक टेम्पो थांबला. पाठीमागच्या फळीवरून बायका उतरल्या, त्यांत सगुणाबाई होती. चेहरा काळवंडलेला, पायांना चिखल वाळलेला. मला बघून ती थांबली. मी हसून तब्येत विचारली. तिनं नुसती मान हलवली आणि म्हणाली, "ताई, तुमी कवा जानार?"

मी म्हटलं, अजून काही ठरवलं नाही, बहुतेक पावसाळ्यापर्यंत आहे. ती "बरं" म्हणाली आणि चालायला लागली.

मला भरून आलं. मला वाटलं, चार दिवस शेजारी बसून काम केलं तर या बाईला माझा लळा लागला, मी कधी जाणार याची हिला काळजी. रात्रीच्या जेवणाला मी हे पास्कलकाकांना सांगितलं, जरा मिरवतच. काका वसईचे होते, त्यांचा हा बागेतला तिसरा हंगाम. एरवी ते मला सिस्टर म्हणून हाक मारत आणि माझ्या मिरवण्याला हसत. त्या दिवशी हसले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तू तिला विचारलंस का, ती का विचारते ते?"

"त्यात विचारायचं काय?"

"विचार," ते म्हणाले. "उद्या बुधवार आहे. तुझी सुट्टी आहे."

माझी सुट्टी आहे हे मला आठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी सगुणाबाईचं घर शोधत गेले. ती अजून कामावरून आली नसणार हे मला सुचलंच नाही. दार उघडं होतं. आत अंधार होता, आणि अंधारातून कुणीतरी पाणी मागत होतं.

खाटेवर एक म्हातारी होती, सगुणाबाईची सासू बायजाक्का. एक बाजू पूर्ण गेलेली होती, लकव्यानं. उशाशी तांब्या होता, पण तो लुळ्या हाताच्या बाजूला होता आणि तो बहुधा सकाळी कलंडला होता, कारण जमीन वाळून गेली होती. मी मडक्यातलं पाणी आणून थोडं थोडं पाजलं. मग हात सवयीनं पुढची कामं करायला लागले. अंगाखालचं लुगडं ओलं होतं. ते बदलायला मी तिला कुशीवर वळवलं, आणि माकडहाडावरची जखम दिसली.

माझ्या तळहाताएवढी होती. मधे काळी, कडेनं लाल, ओलसर. पडून राहिलेल्या माणसाला एका अंगावर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, आणि जखम बघून दिवस ओळखायला पुढची वर्षं शिकवतात. ही जखम रोज दहा-बारा तासांची होती. आणि साधारण सहा आठवड्यांची.

मी पाणी गरम केलं, मीठ घातलं, जखम धुतली, स्वच्छ धडपा शोधून वर ठेवला. मग म्हातारीला कुशीवर करून पाठीला गोधडीचा टेकू दिला आणि खाटेशेजारी बसून राहिले. मनातल्या मनात सहा आठवडे मागं मोजले. शिमगा आला.

सगुणाबाई दिवेलागणीला आली. मला बघून दचकली नाही. आधी सासूकडं गेली, धडपा बघितला, टेकू बघितला. मग चुलीपुढं बसून तिनं जाळ केला. मी विचारलं की ही जखम कधीपासून आहे. तिनं सांगितलं ते असं. बागेत काम होतं तेव्हा ती दुपारी दोनदा खाली येऊन जायची, हाकेच्या अंतरावर तर घर. म्हातारीला वळवायची, खाऊ घालायची. शिमग्यापासून उसावर जावं लागतं. टेम्पो पहाटे येतो आणि सूर्य बुडाल्यावर सोडतो. नवरा मुंबईला हमाली करतो. इंदुबाईही त्याच टेम्पोत. शेजारीण एकदा डोकावते, पण तिचीही कामं आहेत.

"बागेतून बोलावणं का येत नाही?" मी विचारलं. उत्तर मला तोवर माहीत झालं होतं.

सगुणाबाईनं जाळ पुढं सारला. "ताई, राग मानू नगासा. तुमी हाय तवर आमास्नी सांगावा येत न्हाई. गेल्या साली बी एक पोरगी आलती, पुण्याची. ती बी लई कष्टाळू. ती गेली तवा आमास्नी बोलावलं. म्हून इचारलं, तुमी कवा जानार."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. टेम्पो किती वाजता येतो हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

मी म्हटलं, मी रोज दुपारी येऊन सासूबाईंना वळवत जाईन, जखम धूत जाईन, तेच तर माझं काम आहे.

"किती दिस येशीला?" ती म्हणाली. "पावसाळ्यातनी जानार न्हवं? तुमी नगा येऊ. मला वर काम असलं तर माझी मी बगते."

चढ चढून बागेत आले तेव्हा पास्कलकाका फणसाखाली बसले होते. तुम्हाला हे माहीत होतं, मी म्हटलं. ते हो म्हणाले. पहिल्या हंगामात तेही दिवसभर राबले होते, गोदीतली सवय. मग एकदा फाट्यावर असाच टेम्पो थांबलेला बघितला. "मग मला का नाही सांगितलं?"

"तू आलीस तेव्हा तुझ्या हातातला कप वाजायचा, सिस्टर. कामानं तुझ्या तोंडावर रंग आला. तो माझ्या हातानं कसा पुसू?" ते पुढं म्हणाले, "आणि खरं सांगू का, तू मला आळशी म्हणत होतीस ते मला दिसत होतं. तू ऐकलं नसतंस."

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला उतरले. साडेअकराला बुट्टी खाली ठेवली. त्या दिवशी माल इतका गळला होता की झाडांखाली पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि पश्चिमेला वळवाचे ढग दिसत होते. भिजली तर बी काळी पडते, हे मला माहीत होतं. सोडून निघताना मला जे वाटलं ते आयसीयूतून बदली न येता निघाल्यासारखं होतं. पास्कलकाका पुढं चालत होते, त्यांच्या पाठीकडं बघत मी विहिरीपर्यंत गेले.

जेवण झाल्यावर जयवंतदादांनी मला ओसरीवर बोलावलं. बरं नाही का, असं त्यांनी आधी विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, पण ठरल्याप्रमाणे पाचच तास काम करेन.

ते चिडले नाहीत. तो माणूस चिडणारा नव्हता. हळू आवाजात म्हणाले, "अनसूया, तुला इथं कुणी कधी जुंपलं का? तू आलीस तेव्हा काय अवस्था होती तुझी? तुला काम हवं होतं, आम्ही तुला घरातलं मानलं. मी आणि शुभांगी बारा बारा तास करतो, ते कुणासाठी? आपल्या सगळ्यांसाठीच ना?"

हे सगळं खरं होतं. त्या घरानं मला बरं केलं होतं आणि मी त्यांच्या तोंडावर नाही म्हणत होते. माझी मान खाली गेली.

"बाग तुमची आहे, दादा," मी म्हटलं. "तुम्ही बारा तास करा, तुम्हाला शोभतं. मी बारा तास केले की सगुणाबाईचे जातात."

"त्यांना दुसरीकडं काम आहे. मी चौकशी केली होती."

"आहे. ते काम पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत असतं. त्यांची सासू दिवसभर एका अंगावर पडून असते. काल मी तिची जखम धुतली."

जयवंतदादा म्हणाले की मला वाईट वाटतं, पण मी गावाचा दवाखाना चालवत नाही. धुक्यानं यंदा पहिला मोहोर जळलाय, माणसं लावणं झेपायचं नाही. आणि मजुरीवर येणारं माणूस आणि मनापासून करणारं माणूस, यांच्या कामात फरक पडतो. बाग प्रेमानं राखली जाते.

"वरच्या बांधालगतच्या दोन ओळी सगुणाबाईनं लावल्यात," मी म्हटलं. "खड्ड्यापासून."

त्यांना हे ठाऊक नव्हतं. ते चेहऱ्यावर दिसलं. पण ते उठले आणि चप्पल घालून बागेत गेले, एकटेच.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. जेवायला वाढताना हात आखडला नाही, पण माझ्याशी कुणी बोलेना. साडेअकरानंतर मी खोलीत बसायचे आणि खिडकीतून ते दोघं वाकून बोंडं वेचताना दिसायचे. शुभांगीताईंना कमरेचा त्रास होता, त्या मधूनच झाडाला टेकायच्या. तिसऱ्या दिवशी वानरांची टोळी उतरली आणि खालच्या ओळींची नासधूस करून गेली. बोंडांना आंबूस वास सुटला. मला वाटलं, उद्या मला जायला सांगतील. मी बॅग भरून ठेवली होती. पास्कलकाकांनी ती बघितली आणि म्हणाले की भरलेली असू दे, पण तू स्वतःहून उचलू नको.

चौथ्या दिवशी दुपारी शुभांगीताई पदर खोचून वाडीकडं उतरताना दिसल्या. एक तासानं परत आल्या. माझ्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "बघितली मी ती म्हातारी." एवढंच. मग स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई आणि इंदुबाई बांधावरून चढून आल्या. सगुणाबाई माझ्याशी काही बोलली नाही. आल्या आल्या तिनं वरच्या ओळी बघितल्या, कुठली झाडं आधी उरकायची ते जयवंतदादांना सांगितलं, आणि ते तिच्यामागून निघाले. वळीव रविवारी आला. तोवर बहुतेक माल पत्र्याखाली गेला होता, सगळा नाही. काही पोती काळी पडलीच. जयवंतदादांनी त्याबद्दल मला एका शब्दानं बोल लावला नाही आणि पूर्वीसारखं कौतुकही पुन्हा कधी केलं नाही. माझ्यानंतर त्यांच्याकडं आणखी माणसं येऊन राहिली असतील. त्यांच्याकडून त्यांनी किती तास काम घेतलं ते मला माहीत नाही.

मी मेअखेरपर्यंत राहिले, रोज पाच तास आणि बुधवार मोकळा. दुपारी काय करायचं हे मला शिकावं लागलं. काकांची पुस्तकं मागून वाचली. बसून राहिले. जूनपासून मी पुन्हा नोकरी धरली, दुसऱ्या गावी.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला वाडीवर गेले. सगुणाबाई तेव्हाच वरून उतरली होती. घाईत होती, तिला परत जायचं होतं. तिनं सासूला माझ्या देखत वळवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, झटका न देता, अगदी बरोबर. मी मदतीला पुढं झाले नाही. जखमेच्या कडेनं नवी गुलाबी कातडी धरायला लागली होती. तिनं ती धुतली, कोरडी केली, म्हातारीच्या पाठीला टेकू दिला.

बायजाक्कानं मान कलती करून उंबऱ्यावर बसलेल्या माझ्याकडं बघितलं. त्या दिवशीचं तिला आठवत नव्हतं. "ही कोन?" तिनं विचारलं.

सगुणाबाई तांब्या उचलून चांगल्या हाताच्या बाजूला ठेवत होती. "ह्या व्हय?" ती म्हणाली. "माज्यासंगं कामाला हाईत, वर."